कटकटीचं नातं: कार्टूनच्या कमाईतून निघालेली कालव्यांची फिल्म

ऐकता ऐकता वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळलो, ते इथे गाळलंय.

मार्च २०२५ आठवतोय? चॅटजीपीटीत फोटो टाकायचा, एक ओळ लिहायची, आणि मिनिटभरात आपला चेहरा मऊ रंगांत, मोठ्या डोळ्यांत, मागे कापसासारखे ढग घेऊन परत यायचा. लग्नाचे फोटो, ट्रेकचे फोटो, आजीचा फोटो, सगळ्यांचं 'घिबली' झालं. (जपानमध्ये त्याचा उच्चार 'जिब्ली' असा करतात. म्हणून मी पुढे जिब्लीच म्हणणार आहे.) आठवडाभर व्हॉट्सॲपवर डीपी ओळखू येत नव्हते.

मला त्यात एक गोष्ट रंजक वाटली. चांगलं जग कसं दिसतं असं आपल्या पिढीला विचारलं, तर आपल्या डोळ्यांपुढे साधारण हेच चित्र येतं. पवनचक्की, छपरावर गवत, स्वच्छ ओढा, ओढ्याकाठी घर, घराबाहेर वाळत घातलेले कपडे. इंटरनेटवर या प्रकारच्या चित्रांना 'सोलरपंक' असं नावही मिळालंय. जग बुडणार, जळणार, वाळवंट होणार अशी भविष्यं आपण पुष्कळ पाहिली. त्यांच्याऐवजी माणूस आणि निसर्ग दोघंही टिकलेत असं भविष्य काढायचं, ही त्यामागची कल्पना. आणि सोलरपंकवाल्यांना तुमची प्रेरणा कोण असं विचारलं, की जिब्लीचं नाव हमखास निघतं.

तर आजचा प्रश्न असा. हे आशेचं चित्र ज्यांनी काढलं, त्यांना आशा म्हणजे नेमकं काय वाटत होतं? याचं उत्तर मला त्यांच्या कुठल्याही गाजलेल्या सिनेमापेक्षा एका फारशा कुणी न पाहिलेल्या फिल्ममध्ये सापडलं. पावणेतीन तासांची फिल्म. विषय: एका गावातले पाण्याचे कालवे.

आधी विषारी जंगल

सुरुवात करू जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरून. तिथे मिनामाता नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथला रासायनिक कारखाना वर्षानुवर्षं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत सोडत होता. पारा माशांत गेला, मासे खाणाऱ्या मांजरांत गेला, मग माणसांत. मांजरं झटके येऊन मरायची. माणसांचे हातपाय वाकडे व्हायला लागले, जन्मणारी मुलं आजार घेऊन जन्मायला लागली. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारण कारखानाच आहे हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. म्हणजे मध्ये बारा वर्षं गेली. युद्धात बेचिराख झालेला देश जगातली मोठी अर्थव्यवस्था होत होता, त्याच काळातली ही गोष्ट.

पुढे त्या खाडीत मासेमारी थांबली. आणि हायाओ मियाझाकी नावाच्या ॲनिमेटरच्या कानावर आलं, की माणसांनी पाठ फिरवल्यावर तिथे माशांचे थवे पुन्हा वाढलेत. विषारी पाण्यातही जगणं चालू आहे. ही गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली.

१९८२ पासून 'ॲनिमेज' या मासिकात त्याची चित्रकथा येऊ लागली: 'नाउसिका'. १९८४ मध्ये तिच्यावर त्याने सिनेमा काढला. हजार वर्षांपूर्वीच्या महायुद्धाने पृथ्वी नासलेली आहे. विषारी बुरशीचं जंगल पसरत चाललंय, त्यात बसच्या आकारापेक्षा मोठे किडे आहेत. माणसांची टोळकी म्हणतायत, जाळून टाका. नाउसिका नावाची मुलगी मात्र त्या जंगलातल्या वनस्पती स्वच्छ पाण्यात, स्वच्छ मातीत वाढवून बघते. त्यातून विष निघत नाही. म्हणजे दोष वनस्पतींचा नाही, मातीचा आहे. पुढे ती जंगलाच्या खाली पोचते, तर तिथे नितळ पाणी आणि पांढरी वाळू. झाडं मातीतलं विष शोषून घेतायत, दगड होऊन गळतायत, आणि खाली स्वच्छ जमीन तयार होतेय.

हे दृश्य नक्की बघा. निसर्ग म्हणजे बिचारा, किंवा निसर्ग म्हणजे देवी, असं त्यात काहीच नाही. जंगल काम करतंय. आपण केलेली घाण, आपल्याला न विचारता, शांतपणे निस्तरतंय.

कमाई गेली कुठे?

नाउसिका चालला. या सिनेमाचा निर्माता होता मियाझाकीचा जुना सहकारी, इसाओ ताकाहाता. हा माणूस वेगळाच. टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकलेला, ॲनिमेशनचा मोठा दिग्दर्शक, पण स्वतः चित्रं काढत नसे. मियाझाकी हाताने विचार करणारा, तर ताकाहाता प्रश्न विचारून विचारून समोरच्याला दमवणारा. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर एक जण रात्रीत कोड लिहून मोकळा होणारा, आणि दुसरा रिक्वायरमेंटच्या पहिल्या ओळीवर तीन मीटिंग लावणारा. दोघंही लागतात.

नाउसिकाचे पैसे मियाझाकीच्या हातात आले होते आणि ते काहीतरी अर्थपूर्ण कामात घालायची त्याची इच्छा होती. ताकाहाताच्या डोक्यात एक ॲनिमेशनपट होता, त्याची कथा कालव्यांच्या गावात घडणार होती. जागा पाहायला म्हणून तो क्यूशूवरच्या यानागावा या गावी गेला. मिनामाताच्या उत्तरेला, शेजारच्या समुद्राच्या काठी हे गाव आहे.

तिथे त्याला नगरपालिकेतला एक कर्मचारी भेटला. त्याने ताकाहाताला कालव्यांची हकीकत सांगितली. ती ऐकून ताकाहाताने कथा बाजूला ठेवली. खरी गोष्ट समोर असताना कार्टून कशाला? आपण माहितीपट करू. मियाझाकी निर्माता झाला. म्हणजे विषारी खाडीवरून सुचलेल्या सिनेमाची कमाई जवळच्याच एका गावातल्या पाण्यावर लागली.

गाव नावाचं यंत्र

आता यानागावा. ही जमीन म्हणजे मुळात चिखल. समोर आरिआके नावाचा उथळ समुद्र, त्यात भरती-ओहोटीमध्ये सहा मीटरपर्यंत फरक पडतो. म्हणजे दुमजली घराइतकं पाणी रोज चढतं आणि उतरतं. जमीन सखल, विहिरीला गोडं पाणी लागायची मारामार. इथे राहायचं तर कसं?

लोकांनी शतकानुशतकं खणून उत्तर काढलं. चर खणायचे, निघालेली माती बाजूला टाकून जमीन उंच करायची, आणि चरांत नदीचं आणि पावसाचं गोडं पाणी साठवायचं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ल्याच्या खंदकांसकट या सगळ्याला मोठं, शिस्तशीर रूप आलं. गावातल्या कालव्यांची एकूण लांबी भरते जवळपास ४७० किलोमीटर. पुण्याहून सुरतेला जाल इतकी लांबी, एका छोट्या गावात गुंडाळलेली.

हे कालवे काय काय करायचे बघा. प्यायचं पाणी तेच द्यायचे. शेताला तेच. मुसळधार पाऊस आला की पाणी एकदम अंगावर येऊ नये म्हणून ते पोटात घ्यायचे आणि ओहोटीला समुद्रात सोडायचे. पाणी जमिनीत मुरत राहायचं, त्यामुळे खालची मऊ माती आटून खचायची नाही. मासे मिळायचे. तळाचा गाळ काढला की शेताला खत. पुलाखाली कालवा मुद्दाम अरुंद बांधलेला असायचा, म्हणजे पाणी थोडं अडतं, वरच्या अंगाला साठतं, आणि सगळं एकदम निघून जात नाही. मी दिवसभर सर्व्हरवर येणारी गर्दी रांगेत लावायचं काम करतो. त्यासाठी आम्ही जाडजूड कागदपत्रं लिहितो. या लोकांनी तेच दगड रचून केलं होतं.

पण या यंत्राची एक अट होती. ते आपोआप चालायचं नाही. प्रत्येक घरामागे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या, आणि प्यायचं पाणी पहाटे, कुणी काही धुवायच्या आत भरून ठेवायचं. झडपा कुणीतरी उघडायच्या, कुणीतरी बंद करायच्या. वर्षातून एकदा पाणी सोडून द्यायचं, कालवे कोरडे करायचे, आणि सगळ्यांनी चिखलात उतरून गाळ काढायचा. किल्ल्याभोवतीच्या कालव्यांचं पाणी आजही फेब्रुवारीत असं सोडतात. वरच्या आळीने घाण केली तर खालच्या आळीचं पाणी नासणार. म्हणून शेजाऱ्यावर लक्ष ठेवायचं, शेजाऱ्याचं बोलणं खायचं. पाणी म्हणजे रोजची कटकट.

मग नळ आला

नळ आल्यावर ही कटकट संपली. पायऱ्या उतरायची गरज नाही, पहाटे उठायची गरज नाही. आणि कालव्याची गरज संपल्याबरोबर त्याच्याकडे बघायचीही गरज संपली. घरं कालव्याकडे पाठ करून उभी राहिली. साबणाचं पाणी, कचरा, प्लास्टिक सगळं मागे. गाळ काढायला कोण येणार? सत्तरच्या दशकापर्यंत यानागावात कालवे म्हणजे दुर्गंधी आणि डास.

हे ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे तुमच्या गावचा ओढा, नाला किंवा नदी आली असेल, तर तुमचं बरोबर आहे. माझ्याही आली.

१९७७ मध्ये नगरपालिकेची योजना जवळपास पक्की होती. पर्यटकांच्या होड्या फिरतात तेवढा मार्ग ठेवायचा. उरलेले बहुतेक कालवे बुजवायचे किंवा काँक्रीटने झाकून बंद गटारं करायची. लोकांची तक्रार नव्हती. उलट मागणीच होती. हे काम ज्या विभागाकडे होतं, त्याचा प्रमुख म्हणून त्या वर्षी त्सुताए हिरोमात्सु यांची नेमणूक झाली. यानागावात ताकाहाताला भेटलेला कर्मचारी तो हाच.

आता सरकारी नोकराने काय करायचं असतं? आलेल्या फाईलवर सही. हिरोमात्सुंनी जुनी माहिती काढली, कालवे कुठून कुठे जातात ते तपासलं, आणि महापौरांकडे जाऊन सांगितलं की हे बुजवले तर गाव बुडेल. एकदा पुराने, कारण पावसाचं पाणी साठायला जागाच राहणार नाही. आणि दुसऱ्यांदा खालून, कारण मऊ जमीन आटून खचत जाईल. महापौरांनी योजना थांबवली आणि त्यांना पर्याय तयार करायला मुदत दिली. हे मला फार थोर वाटतं. ठरलेली योजना मागे घेणं कुठल्याही ऑफिसात किती अवघड असतं, ते नोकरी करणाऱ्याला विचारा.

पुढचं काम म्हणजे वस्तीवस्तीत बैठका. पाटीवर 'कचरा टाकू नये' लिहून काही होत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी लोकांना कालव्यांचं काम कसं चालतं ते समजावलं, आणि वयस्कर माणसांना पूर्वी इथे काय होतं ते बोलतं केलं. मग पालिकेचे कर्मचारी आणि रहिवासी दोघं मिळून चिखलात उतरले. साचलेला गाळ निघाला, पाणी पुन्हा वाहायला लागलं. आणि स्वच्छ झाल्यावर सांभाळायचं कुणी, तर त्या त्या काठावर राहणाऱ्यांनी.

हिरोमात्सुंचं सांगणं साधारण असं होतं: पाण्याशी नातं म्हणजे कटकटीचं नातं. ती कटकट नको म्हणून टाळली, की नातंच जातं. पाणी स्वच्छ हवं असेल तर कटकट पुन्हा मान्य करावी लागेल.

न दिसणारं दाखवायचं कसं?

१९८७ मध्ये फिल्म आली: 'यानागावाच्या कालव्यांची गोष्ट'. ॲनिमेशनच्या दोन बड्या माणसांनी काढलेली, पण मुख्यतः खरी माणसं, खरं पाणी, खरा चिखल. ॲनिमेशन कुठे वापरलंय? जिथे कॅमेरा पोचू शकत नाही तिथे. पाणी नदीतून कसं येतं, कुठे अडतं, भरतीच्या वेळी झडप काय करते, जमिनीखाली काय चालतं, हे चित्रांतून समजावलंय. परी नाही, उडणारा किल्ला नाही. कालव्याचा उभा छेद, आणि त्यात हळूहळू चढणारं पाणी.

माझ्या मते या फिल्मचं सगळ्यात मोठं धाडस हेच आहे. सुंदर भविष्याचं चित्र काढणं तसं सोपं असतं: हिरवा रंग जास्त टाकायचा. पण एखादी गोष्ट टिकते कशी, तिच्यामागे कुणाचे हात असतात, ते चित्रात दाखवणं अवघड. ताकाहाताने बैठका दाखवल्या, वाद दाखवले, गाळाच्या टोपल्या दाखवल्या. कंटाळा येईल इतकं दाखवलं. पण त्या पावणेतीन तासांनंतर तुम्हाला 'किती छान गाव' असं वाटत नाही. 'हे आपल्याकडेही होऊ शकतं, फक्त खूप काम आहे' असं वाटतं. माझ्या दृष्टीने आशा म्हणजे हेच दुसरं वाक्य.

आता एक गंमत. फिल्म लांबत गेली आणि पैसे संपले. तोशिओ सुझुकी, जे पुढे जिब्लीचे निर्माते झाले, ते सांगतात की मियाझाकी त्यांच्याकडे आला आणि आता काय करू म्हणाला. यांनी सुचवलं, आणखी एक सिनेमा काढ. तो सिनेमा म्हणजे 'लापुता', ढगांतला किल्ला, १९८६. आणि लापुता काढण्यासाठी १९८५ मध्ये जी कंपनी उभी राहिली, तिचं नाव स्टुडिओ जिब्ली. म्हणजे ज्या स्टुडिओच्या शैलीत तुमचा डीपी आहे, तो उभा राहण्यामागे थोडा हातभार यानागावाच्या गाळाचाही आहे.

चित्रातून जंगलात

यानागावा डोक्यात ठेवून जिब्लीचे सिनेमे पुन्हा पाहिले, की वेगळे दिसतात. २०२० पासून त्यातले बरेच आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आहेत, त्यामुळे सुट्टीत हा प्रयोग करता येईल.

'टोतोरो' (१९८८) घ्या. सगळ्यांना आठवतो तो गुबगुबीत प्राणी आणि पावसातला बस स्टॉप. पण सुरुवातीचा मोठा भाग घर साफ करण्यात जातो. झाडणं, पंप हापसणं, पुसणं. बाप आणि दोन मुली टबात कपडे तुडवतात. मियाझाकी कामातली मजा काढतो.

त्या सिनेमातला परिसर टोकियोजवळच्या सायामा टेकड्यांवर बेतलेला आहे. शहर वाढत होतं, टेकड्यांचे तुकडे विकले जात होते. १९९० मध्ये तिथल्या लोकांनी वर्गणी काढून जंगल विकत घ्यायची मोहीम सुरू केली आणि मियाझाकीने टोतोरोचं चित्र वापरायला दिलं. १९९१ मध्ये पहिला तुकडा घेतला, त्याला नाव दिलं 'टोतोरोचं जंगल क्रमांक १'. आज असे पन्नासहून जास्त तुकडे आहेत. आणि विकत घेऊन काम संपलं नाही. ही जंगलं म्हणजे हात न लावलेली राई नाही. जपानीत त्यांना 'सातोयामा' म्हणतात, गावालगतचं, गावाने वापरलेलं रान. तिथले ओक पंधरा-वीस वर्षांनी तोडायचे, बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. पाचोळा गोळा करून खत करायचं. माणसाने हे बंद केलं तर रान गच्च होतं, खाली ऊन पोचत नाही आणि उन्हावर जगणारी फुलं-फुलपाखरं जातात. त्यामुळे स्वयंसेवक आजही तिथे गवत कापतात. पुन्हा तीच कटकट.

ताकाहाताने हेच १९९१ च्या 'ओन्ली येस्टरडे'मध्ये एका शेतकऱ्याच्या तोंडी घातलंय. शहरातली मुलगी गाव पाहून निसर्गाचं कौतुक करते, तेव्हा तो तिला दाखवतो की हे रान, हे ओढे, ही शेतं, यातलं जवळपास सगळं माणसांनी पिढ्यान् पिढ्या निसर्गाशी झटत आणि त्याच्याकडून घेत बनवलंय.

आणि मियाझाकीचा 'स्पिरिटेड अवे' (२००१). दुर्गंधी मारणारा चिखलाचा गोळा हमामखान्यात येतो, मुलगी त्याच्या अंगात रुतलेलं काहीतरी ओढते, तर आधी सायकल निघते आणि मग डोंगराएवढा कचरा. आत असते नदी. मियाझाकीने सांगितलंय की घराजवळची नदी साफ करायला तो स्वतः जायचा, आणि तिथे खरोखर सायकल ओढून काढावी लागली होती. त्याच सिनेमात हाकू नावाचा मुलगा आपलं नाव विसरलाय. कारण तो ज्या नदीचा आत्मा आहे, ती बुजवून तिच्यावर इमारती बांधल्यात. यानागावात फाईलवर सही झाली असती, तर तिथे किती हाकू झाले असते याचा हिशेब करा.

पण थांबा, हंडा कुणाच्या डोक्यावर?

इथपर्यंत ऐकून कुणीतरी म्हणेल, जुने दिवस चांगले होते असंच ना शेवटी? मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण महाराष्ट्रात राहून पाण्याच्या 'नात्या'बद्दल गोड बोलणं सोपं नाही. ही कटकट वाटून घेतलेली नव्हती. आपल्याकडे कितीतरी गावांत उन्हाळ्यात आजही हंडे घेऊन मैलभर चालणारी बाईच आहे. तिच्यासाठी नळ म्हणजे सुटका. तिला जाऊन कोणी सांगितलं की ही कटकट म्हणजे नातं, तर ती हंडा त्याच्याच डोक्यावर ठेवेल, आणि बरोबर करेल.

पण हिरोमात्सुंनी नळ तोडा असं म्हटलं नव्हतं. नळ राहिला. बदललं ते एवढंच, की कालवा हे फक्त 'पालिकेचं काम' राहिलं नाही. काठावरच्या सगळ्यांनी मिळून करायचं ते झालं. जुनी कटकट परत आणणं आणि नवी कटकट नव्याने वाटून घेणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुन्या दिवसांत नुसतं रमण्याचा धोका ताकाहातालाही कळत होता. १९९४ च्या 'पोम पोको'मध्ये टोकियोजवळच्या तामा न्यू टाउन या वसाहतीसाठी डोंगर सपाट होतात आणि तिथले तानुकी, म्हणजे रानकुत्र्यांच्या कुळातले छोटे प्राणी, आपली जादू वापरून लढतात. हरतात. शेवटी उरलीसुरली ताकद एकवटून ते एक गोष्ट करतात: इमारतींच्या जागी क्षणभर जुनं गाव, जुनी शेतं दाखवतात. सगळे रडतात. मग ते चित्र विरतं आणि इमारती तिथेच असतात. नुसतं सुंदर चित्र काय करू शकतं आणि काय नाही, हे एका सुंदर चित्रातच सांगितलंय.

मी हे का सांगतोय

माझा पगार कटकट कमी करण्यासाठी मिळतो. तीन क्लिकचं काम एका क्लिकवर आणायचं, फॉर्ममधला एक रकाना उडवायचा, वापरणाऱ्याला विचार करायला लागू नये. हे काम मला आवडतं आणि बहुतेक वेळा ते चांगलंच असतं. बँकेतली रांग कुणाला परत हवी आहे? पण या फिल्मनंतर मी प्रत्येक वेळी एक प्रश्न जास्तीचा विचारतो: ही कटकट काढली, तर तिच्याबरोबर आणखी काय निघून जाईल? कुणाला कशाकडे बघायची गरज उरणार नाही?

मियाझाकीने नाउसिकाची चित्रकथा सिनेमानंतर आणखी दहा वर्षं लिहिली, १९९४ पर्यंत. तिचा शेवट सिनेमापेक्षा खूप कठोर आहे. (ज्यांना वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा.) नाउसिकाला कळतं की ते विष शोषणारं जंगल जुन्या माणसांनीच आखलेलं होतं. एका थडग्यासारख्या इमारतीत त्यांनी स्वच्छ जगासाठी नवी, शांत, निर्दोष माणसं अंड्यांत जपून ठेवलीत. सगळं तयार आहे, फक्त वाट बघायची. नाउसिका ते उद्ध्वस्त करते. आयतं मिळालेलं स्वच्छ भविष्य ती नाकारते आणि विषारी मातीतच जगत राहायचं ठरवते. चूक की बरोबर, यावर वाचक अजून भांडतात. पण ज्या माणसाने ते लिहिलं, त्याने मधल्या काळात पैसे कशावर खर्च केले होते ते आपल्याला आता माहीत आहे.

म्हणून यापुढे एखादं हिरवंगार भविष्याचं चित्र फोनवर आलं, कुठल्या बिल्डरच्या जाहिरातीत, नदीकाठ सुशोभीकरणाच्या फलकावर किंवा एआयने काढलेलं, तर त्यात एक गोष्ट शोधा. झाडू कुणाच्या हातात आहे? विसाव्या मजल्यावरच्या झाडाला पाणी कोण घालतंय? सोलर पॅनेलवरची धूळ कोण पुसतंय? नदीचा गाळ कोण काढतंय, आणि त्याला पगार किती आहे? चित्रात हे कुणीच नसेल, तर ते चित्र अर्धवट आहे. उरलेलं अर्धं कुणाच्या तरी डोक्यावर येणार आहे, ते कुणाच्या हे आत्ताच विचारलेलं बरं.

यानागावात आजही होड्या फिरतात. दर फेब्रुवारीत पाणी सोडतात, तळ उघडा पडतो, लोक चिखलात उतरतात. पर्यटक बहुतेक त्यानंतर येतात.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात, सोसायटीत, वस्तीत असं कटकटीचं नातं जपणारं कुणी असेल, विहीर, टेकडी, ओढा, काहीही, तर आम्हाला आवाजी मेसेज पाठवा. नाव सांगायला हवंच असं नाही, काम काय ते सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि जमलं तर एखादा झाडूही घ्या!